डिस्कस आणि एंजलफिश एकाच टाकीत: कधी जमते, कधी बिघडते

शोभिवंत मासे पाळणाऱ्यांचा एक नेहमीचा प्रश्न असतो: डिस्कस आणि एंजलफिश एकत्र ठेवता येतात का? ठेवता येतात. पण टाकी डिस्कसच्या गरजेप्रमाणे चालवावी लागते आणि आणलेले एंजल निरोगी आहेत याची खात्री आधी करावी लागते. या दोनपैकी एक गोष्ट जमणार नसेल तर दोघांच्या टाक्या वेगळ्या ठेवाव्यात.

एका चांगल्या डिस्कसच्या किमतीत डझनभर साधे एंजल येतात. एकत्र टाकीत बिघाड झाला की आधी मरतो तो डिस्कस, कारण तोच जास्त नाजूक असतो. घरातील हौशी माणसाचे यात काही हजार रुपये जातात. परसबागेत शोभिवंत माशांचे छोटे युनिट चालवणाऱ्या शेतकऱ्याचा प्रजननाचा जोड जातो, आणि तो तयार व्हायला दीड वर्ष लागलेले असते. म्हणून हा विषय थोडा खोलात पाहू.

दोन्ही माशांची ओळख

दोघेही सिक्लिड कुळातील. आपल्याकडील तिलापिया याच कुळातला, आणि कोकण-गोव्याच्या खाड्यांत मिळणारी काळुंदरही याच कुळातली. अंडी आणि पिल्ले यांची राखण करणे, त्यासाठी जागा अडवून बसणे हा या कुळाचा स्वभाव आहे. काळुंदरीची जोडी पिल्लांभोवती कशी फिरते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना एंजलचे वागणे लगेच ओळखू येईल.

डिस्कस आणि एंजल या दोघांचेही मूळ घर दक्षिण अमेरिकेतील अॅमेझॉन नदीचे खोरे. तिथे पावसाळ्यात नदीचे पाणी मनौस शहराजवळ सरासरी १० मीटरच्या आसपास चढते आणि मैलोन् मैल जंगल पाण्याखाली जाते. बुडालेल्या झाडांच्या फांद्या-मुळ्यांत, संथ, कोमट आणि अतिशय मऊ पाण्यात हे मासे राहतात. दोघांचे चपटे, उंच शरीर फांद्यांच्या फटीतून सरकण्यासाठीच घडलेले आहे. पूर्ण वाढलेला डिस्कस १५ ते २० सेंटिमीटर व्यासाचा होतो. एंजलचे शरीर त्यापेक्षा लहान असते, पण वरच्या-खालच्या परांसह त्याची उंची २० सेंटिमीटरच्या पुढे जाऊ शकते. दुकानात पाच रुपयांच्या नाण्याएवढा दिसणारा एंजल वर्षभरात एवढा होतो, हे खरेदी करताना बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

दोघांचा आपसात संकर होतो का, असेही विचारले जाते. होत नाही. दोघांच्या प्रजाती वेगळ्या आहेत.

तापमान: डिस्कस २८ च्या खाली नको

पहिली अडचण इथेच येते. डिस्कसला २८ ते ३० अंश सेल्सिअस तापमान लागते. एंजल २४ ते २८ अंशांत सर्वांत सुखात असतो, पण ३० अंशांपर्यंत तो तग धरतो. म्हणजे जुळवून घ्यायचे ते एंजलने. एकत्र टाकी २८ ते २९ अंशांवर ठेवावी. दोघांची सोय म्हणून २६ अंशांवर ठेवली तर एंजल मजेत राहतात, पण डिस्कस खाणे कमी करतात, रंगाने काळवंडतात आणि पोटातील परजीवींना बळी पडतात. मधला मार्ग काढायला गेलेल्या टाक्या इथेच फसतात.

नाशिक, पुणे, जळगाव या भागांत डिसेंबर-जानेवारीच्या रात्री तापमान १० अंशांच्या आसपास येते. अशा वेळी दर लिटरला १ वॅट या हिशेबाने हीटर लावावा. ३०० वॅटचा एकच हीटर लावण्यापेक्षा १५० वॅटचे दोन लावणे चांगले. एक बंद पडला तरी दुसरा रात्र काढून देतो. एखादा चालूच राहून अडकला तरी टाकी एकदम उकळत नाही. तापमापक वेगळा लावावा, हीटरवरील आकड्यावर विसंबू नये.

विदर्भ-मराठवाड्यात अडचण उलटी असते. मे महिन्यात खोलीतील टाकीचे पाणीही ३३-३४ अंशांवर जाते. पाणी जेवढे गरम, तेवढा त्यात विरघळलेला प्राणवायू कमी. २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात मिलिग्रॅमच. त्यात रात्रीचे भारनियमन आले की एअर पंप बंद पडतो आणि सकाळी मासे पृष्ठभागावर तोंड काढून उभे असतात. उन्हाळ्यात दिवे बंद ठेवावेत, झाकण काढून जाळी बसवावी आणि पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा सोडावा. बाष्पीभवनाने २-३ अंश उतरतात. कोकणात हवा दमट असल्याने पंख्याचा उपयोग कमी होतो. पंख्याने जेवढे पाणी उडते तेवढे मऊ, शक्यतो आरओचे पाणी वरून टाकावे. पाणी उडते, क्षार मात्र मागेच राहतात, आणि वरून बोअरचे पाणी टाकत गेल्यास जडपणा वाढत जातो. बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असावाच.

पाणी

अॅमेझॉनच्या पाण्याचे आकडे वाचून घाबरू नये. आज बाजारात मिळणारे जवळजवळ सर्व एंजल आणि बहुतेक डिस्कस हे टाकीत जन्मलेले, पिढ्यान्‌पिढ्या साध्या पाण्यात वाढलेले आहेत. सामू ६.५ ते ७.५ आणि मध्यम जडपणा त्यांना चालतो. आकडा आदर्श असण्यापेक्षा तो रोज सारखा राहणे महत्त्वाचे. आम्ल टाकून सामू खाली आणायचा, दोन दिवसांनी तो परत वर जायचा, पुन्हा आम्ल टाकायचे, या खेळात मासे दगावतात. डिस्कस घेताना विक्रेत्याला त्याच्या टाकीचा सामू आणि टीडीएस विचारून घ्यावा आणि आपले पाणी हळूहळू तिकडे न्यावे.

दख्खनच्या पठारावर बोअरचे पाणी बहुधा जड आणि क्षारयुक्त असते, सामूही ८ च्या जवळ जातो. इथे खरा धोका अमोनियाचा आहे. माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य यांतून तयार होणाऱ्या अमोनियाचा विषारी भाग सामू वाढला की झपाट्याने वाढतो. २८ अंश तापमानात सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी १ टक्क्याहूनही कमी भाग विषारी रूपात असतो. सामू ८ झाला की तोच भाग साडेसहा टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणजे चाचणीत तोच आकडा दिसत असूनही विष नऊपट. अशा ठिकाणी बोअरच्या पाण्यात अर्धे आरओचे पाणी मिसळावे, पण आरओचे पाणी एकटे वापरू नये. त्यात क्षारच नसल्याने सामू टिकत नाही. कोकणातील जांभ्या दगडाच्या भागात विहिरीचे पाणी बरेचदा मऊ असते. तिथल्या लोकांना डिस्कसच्या बाबतीत निसर्गानेच अर्धे काम करून दिलेले आहे.

गावात नळाच्या पाण्यात टीसीएल पावडर टाकली जाते. त्यातील क्लोरीन माशांचे कल्ले जाळतो आणि गाळणीतील उपयुक्त जिवाणूही मारतो. पाणी पिंपात भरून हवा सोडून २४ तास ठेवावे. घाई असेल तर १०० लिटर पाण्याला साधारण १ ग्रॅम हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, सहसा पुरतो. खात्री करायची असेल तर ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक करतो तीच ओटी चाचणी करावी. पाणी पिवळे झाले तर क्लोरीन शिल्लक आहे.

नवीन टाकीत गाळणी चालू करून चार ते सहा आठवडे जिवाणू बसू द्यावेत. अमोनिया आणि नायट्राईट दोन्ही शून्य आले की मगच डिस्कस आणावेत. नंतर मोठ्या माशांच्या टाकीत आठवड्यातून दोन-तीन वेळा ३० टक्के पाणी बदलावे. वाढत्या पिल्लांच्या टाकीत मात्र रोज बदलावे लागते, तेही त्याच तापमानाच्या पाण्याने. नायट्रेट लिटरमागे २० मिलिग्रॅमच्या आत राहील असे पाहावे. सुकलेली देशी बदामाची पाने टाकल्यास पाणी चहाच्या रंगाचे आणि किंचित आम्लधर्मी होते. माशांना ते मानवते. पाने फवारणी न झालेल्या झाडाची घ्यावीत आणि धुऊन टाकावीत. पण जड पाणी पानांनी मऊ होत नाही, ती अपेक्षा ठेवू नये.

टाकी केवढी, मासे किती

उंची किमान १८ इंच, शक्यतो २ फूट असावी. ४ फूट लांब, दीड फूट रुंद आणि २ फूट उंच टाकीत वाळू, उपकरणे आणि वरची मोकळी जागा वजा जाता साधारण २८० लिटर पाणी राहते. एका मोठ्या डिस्कसला ४० लिटर या हिशेबाने त्यात ५ डिस्कस आणि २ एंजल झाले की टाकी भरली असे समजावे. ५ फूट लांब, २ फूट रुंद आणि २ फूट उंच टाकीत ८ डिस्कस आणि ४ एंजल बसतात. यापेक्षा लहान टाकीत दोघांना एकत्र ठेवण्याचा सल्ला देता येत नाही. भरलेल्या ४ फुटी टाकीचे वजन काच आणि स्टँडसह चारशे किलोच्या घरात जाते, तेव्हा जमीन आणि स्टँड आधी तपासावा.

डिस्कस पाचपेक्षा कमी ठेवू नयेत. त्यांच्यात वरचढपणाची उतरंड असते. दोन-तीनच असतील तर सगळा मार खालच्या एकावर पडतो, पाच-सहांत तो विभागला जातो. टाकीत उभी लाकडे आणि रुंद पानांची झाडे लावून दृष्टी अडेल असे दोन-तीन आडोसे करावेत. ३० अंशांजवळ बरीच पाणवनस्पती टिकत नाही. अॅमेझॉन सोर्ड आणि अनुबियास त्यातल्या त्यात तग धरतात. पाण्याचा प्रवाह संथ ठेवावा.

खरा धोका: एंजलबरोबर येणारा रोग

एंजल डिस्कसला मारतील का, याची चिंता लोक करतात. मार दिसतो, म्हणून चिंता वाटते. पण एकत्र टाक्यांत डिस्कस मरतात ते बहुधा रोगाने, आणि तो नव्या एंजलबरोबर आलेला असतो.

याचे कारण व्यवसायाच्या रचनेत आहे. एंजल हा स्वस्त, भरपूर पिल्ले देणारा मासा. देशात चेन्नईचे कोळत्तूर, कोलकाता अशा ठिकाणी तो मोठ्या प्रमाणावर तयार होतो. सिमेंटच्या टाक्यांत दाटीने वाढतो, पिशव्यांतून प्रवास करतो, घाऊक विक्रेत्याकडे आणि मग दुकानात अनेक ठिकाणच्या माशांच्या पाण्यात राहतो. या वाटेत कल्ल्यांतील चपटे कृमी, आतड्यातील हेक्झामिटासारखे एकपेशीय परजीवी आणि केसासारखे बारीक गोलकृमी त्याला चिकटतात. एंजल काटक असल्याने तो हे ओझे घेऊनही खातो, पोहतो, चकाकतो. डिस्कसच्या टाकीत मात्र हेच परजीवी काही दिवसांत उच्छाद मांडतात, कारण डिस्कसची त्यांच्याशी ओळख नसते आणि जागा बदलल्याच्या ताणाने त्याची प्रतिकारशक्ती आधीच खालावलेली असते.

म्हणून नवीन एंजल, तसेच नवीन डिस्कसही, किमान ४ आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावेत. ही टाकी रिकामी, वाळूविना असावी. जुन्या टाकीत मुरलेला स्पंज फिल्टर, हीटर आणि लपायला एक पाइप एवढे पुरे. तिची जाळी, नळी, बादली वेगळी ठेवावी. रोजची कामे आधी मुख्य टाकीत आणि शेवटी विलगीकरणाच्या टाकीत करावीत, उलट नव्हे. ओल्या हातावरूनही रोग जातो. पोल्ट्रीत नवा लॉट जुन्यात मिसळण्याआधी जी काळजी घेतली जाते, तीच इथे घ्यायची आहे.

या काळात काय पाहायचे? मासा एकच कल्ला हलवतो आणि दुसरा मिटून ठेवतो, अंग लाकडावर घासतो, श्वास भरभर घेतो, ही कल्ल्यांतील कृमींची लक्षणे आहेत. पांढरी, दोऱ्यासारखी विष्ठा लोंबते, मासा खाद्य तोंडात घेऊन थुंकतो, पोट आत जाते, ही आतड्यातील परजीवींची. डोक्यावर बारीक खड्डे पडू लागले तर दुखणे जुने झाले आहे असे समजावे. सगळे मासे एका कोपऱ्यात गोळा होणे, अंग काळे पडणे, पर मिटणे आणि अंगावरून चिकट पदार्थाचे पापुद्रे सुटणे ही सर्वांत वाईट खूण. अशा टाकीतून मासे विकू नयेत आणि तिथे नवेही आणू नयेत.

चार आठवडे नीट गेले तरी एक परीक्षा उरते. आपल्या टाकीतील एक साधा, कमी किमतीचा डिस्कस त्या एंजलबरोबर विलगीकरणाच्या टाकीत दोन आठवडे ठेवावा. तो खात-पीत राहिला तरच सर्वांना एकत्र करावे. एका माशाची जोखीम घेऊन सात-आठ मासे वाचवण्याचा हा उपाय कठोर वाटेल, पण वाहक मासा ओळखण्याचा घरगुती मार्ग दुसरा नाही. सर्वांत चांगले म्हणजे एंजल घरच्याच जोडीचे किंवा ओळखीच्या प्रजननकर्त्याकडचे घ्यावेत. तेही लहानपणापासून डिस्कसच्या टाकीतील पाणी मिळालेले असतील तर उत्तम.

औषधांबद्दल थोडक्यात. चपट्या कृमींवर प्राझिक्वांटेल चालते. मात्र कल्ल्यांतील कृमींच्या अंड्यांवर त्याचा परिणाम होत नाही, त्यामुळे ठरावीक दिवसांनी मात्रा पुन्हा द्यावी लागते. आतड्यातील एकपेशीय परजीवींवर मेट्रोनिडाझोल वापरतात. प्रमाण मत्स्य तज्ज्ञ किंवा पशुवैद्यकाला विचारूनच ठरवावे. आणि ज्यांच्याकडे शेततळ्यात रोहू-कटला किंवा तिलापियाही आहे त्यांनी हे नीट लक्षात ठेवावे: मेट्रोनिडाझोल खाण्याच्या माशांत आणि कोळंबीत वापरण्यास आपल्या देशात बंदी आहे. औषध टाकलेल्या टाकीचे पाणी शेततळ्यात, ओढ्यात किंवा विहिरीजवळ सोडू नये, शोषखड्ड्यात सोडावे. गरज नसताना 'रोग येऊ नये म्हणून' औषध टाकत राहण्याची सवय तर पूर्ण सोडावी. त्याने गाळणीतील जिवाणू मरतात, अमोनिया वाढतो आणि नसलेला रोग येतो.

टाकीत सोडण्याचा क्रम

आधी डिस्कस, नंतर एंजल. डिस्कस महिनाभर स्थिरावले, हातातून खाद्य घ्यायला पुढे येऊ लागले की मग एंजल सोडावेत, आणि ते डिस्कसपेक्षा लहान असावेत. आधीपासून राहणाऱ्या एंजलच्या टाकीत नवे डिस्कस सोडले तर टाकी एंजलची ठरते आणि डिस्कस कोपरा धरतात. तसे करणे अपरिहार्यच असेल तर लाकडे-झाडे हलवून मांडणी पूर्ण बदलावी, म्हणजे जुने हद्दीचे भान मोडते. सोडल्यावर दिवसभर दिवा बंद ठेवावा.

लांब परांचे, बुरखा जातीचे एंजल डिस्कसबरोबर दिसतात सुंदर, पण त्यांचे पर चावले जातात. साधे एंजल घ्यावेत. जंगलातून पकडलेले आल्टम एंजल हा वेगळाच विषय आहे. ते उष्ण, मऊ पाण्याचे असल्याने तापमानाला जुळतात, पण नाजूक आणि महाग असतात, नवशिक्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये.

खाद्य: एंजल धावतो, डिस्कस विचार करतो

रोग टाळला तरी डिस्कस खंगत असेल तर कारण खाद्यात शोधावे. एंजल खाद्य पडताच वर झेपावतो. डिस्कस जवळ येतो, पाहतो, तोंडाने फुंकर मारून तुकडा उलटा करतो, मग खातो. तोपर्यंत ताट रिकामे झालेले असते. लठ्ठ एंजल आणि कडा धारदार झालेले डिस्कस हे एकत्र टाकीतील नेहमीचे चित्र आहे, आणि मालकाला मात्र वाटते की आपण भरपूर खाद्य टाकतो.

उपाय सोपा आहे. आधी टाकीच्या एका टोकाला तरंगणारे दाणे टाकून एंजलना तिथे गुंतवावे. लगेच दुसऱ्या टोकाला हळूहळू बुडणारे बारीक दाणे किंवा गोठवलेले खाद्य डिस्कसना द्यावे. रोज तीच बाजू ठेवल्यास मासे आठवड्याभरात जागा ओळखतात. मोठ्या माशांना दिवसातून दोन-तीन वेळा, वाढत्या डिस्कसना चार-पाच वेळा थोडे थोडे द्यावे. १० मिनिटांत न संपलेले खाद्य नळीने ओढून काढावे, कारण २९ अंशांना ते झपाट्याने कुजते.

परदेशी पुस्तकांत गुरांच्या काळजाच्या मांसाचे मिश्रण सुचवलेले असते. महाराष्ट्रात गोवंशाच्या मांसावर बंदी आहे, आणि त्या मिश्रणाची गरजही नाही. सोललेली कोळंबी आणि कमी चरबीच्या पांढऱ्या माशाचे मांस वाटून त्यात थोडा वाफवलेला पालक आणि स्पिरुलिना पावडर मिसळावी, जिलेटिनने बांधावे आणि पिशवीत पातळ पसरवून गोठवावे. लागेल तेवढा तुकडा तोडून द्यावा. हे एंजलनाही चालते. गटारातून काढलेले जिवंत ट्युबिफेक्स स्वस्त मिळतात आणि मासे त्यावर तुटून पडतात, तरी डिस्कसच्या टाकीत ते टाकू नयेत. विलगीकरण करून बंद केलेला दरवाजा आपणच उघडल्यासारखे ते होते.

डिस्कस खातो की नाही हे वरून पाहून कळते. कपाळ आणि पाठ भरलेली दिसली पाहिजे. डोळ्यांच्या वरचा भाग चिमटल्यासारखा झाला असेल तर मासा आठवडे उपाशी आहे.

जोडी जमल्यावर

एंजल ८ ते १२ महिन्यांत प्रजननक्षम होतात. चारपैकी दोघांनी उभे पान, हीटर किंवा पाइप चाटून साफ करायला सुरुवात केली की अंडी येणार हे समजावे. या काळात ती जोडी अर्धी टाकी अडवते आणि डिस्कसना दुसऱ्या टोकाला दाबून ठेवते. जोडी वेगळ्या टाकीत हलवावी किंवा अंडी काढून टाकावीत. पण अंडी काढली तर दहा-पंधरा दिवसांत पुन्हा घालतात, म्हणून जोडी हलवणेच बरे. दोनच एंजल ठेवले असतील आणि ते नर-मादी निघाले तर हा त्रास ठरलेला.

डिस्कसची जोडी जमली, तर ती मात्र तातडीने हलवावी. डिस्कसची पिल्ले पोहू लागल्यावर सुरुवातीचे दिवस आई-बापाच्या अंगावरील चिकट स्राव खाऊन जगतात. हे कृत्रिम खाद्याने भरून काढणे फार कठीण असते. एंजल असलेल्या टाकीत ना अंडी टिकतात ना पिल्ले, एका रात्रीत साफ होतात. एंजलच्या पिल्लांना असा स्राव लागत नाही, त्यांना आर्टेमियाच्या ताज्या पिल्लांवर वेगळे वाढवता येते. म्हणूनच एंजलचे प्रजनन नवशिक्या शेतकऱ्याला आधी जमते. डिस्कसकडे त्यानंतर वळावे.

विक्रीसाठी मासे वाढवत असाल तर

शोभेची एक टाकी एकत्र असायला हरकत नाही, ग्राहकाला ती आवडते. पण प्रजननाचे डिस्कस, त्यांची पिल्ले आणि बाजारातून येणारे एंजल यांचे पाणी, जाळ्या आणि शक्य असल्यास खोल्याही वेगळ्या असाव्यात. सर्व टाक्यांना एकच मध्यवर्ती गाळणी जोडून वीज वाचवण्याचा मोह होतो. एक आजारी एंजल त्यामुळे संपूर्ण युनिटमध्ये पोहोचतो. प्रत्येक टाकीला स्वतंत्र स्पंज फिल्टर आणि सर्वांना मिळून एक हवेचा ब्लोअर, ही रचना स्वस्त आणि सुरक्षित आहे. ग्राहकाला मासे देताना आपल्या पाण्याचा सामू, टीडीएस, तापमान आणि चालू खाद्य चिठ्ठीवर लिहून द्यावे. मासे मेल्याच्या निम्म्या तक्रारी या चिठ्ठीनेच टळतील.

विस्तार कार्यकर्त्यांना 'डिस्कस खात नाही' असा फोन आला, तर औषध सांगण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात: आत्ता पाण्याचे तापमान किती, गेल्या सहा आठवड्यांत कोणता मासा नवीन आला, शेवटचे पाणी कधी आणि कुठले बदलले, आणि खाद्य टाकल्यावर आधी कोण खातो. बहुतेक वेळा उत्तर यातच मिळते. कल्ल्यांतील कृमींची शंका असेल तर कल्ल्याचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. त्यासाठी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातील मत्स्य विषयतज्ज्ञ, रत्नागिरीचे मत्स्य महाविद्यालय किंवा मुंबईतील वर्सोव्याची केंद्रीय मत्स्यिकी शिक्षण संस्था यांच्याशी संपर्क साधता येतो. मेलेला मासा उपयोगाचा नसतो, आजारी पण जिवंत मासा त्याच्याच टाकीच्या पाण्यात न्यावा.

नको झालेले किंवा फार वाढलेले मासे विहिरीत, तळ्यात, धरणात सोडू नयेत. दुकानदार परत घेतो का हे खरेदीच्या वेळीच विचारून ठेवावे.

शोभिवंत माशांच्या युनिटसाठी २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसातील युनिटचा खर्च ३ लाख रुपये आणि मध्यम युनिटचा ८ लाख रुपये धरलेला आहे. सर्वसाधारण गटाला ४० टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लाभार्थींना ६० टक्के अनुदानाची तरतूद आहे. अर्ज घेणे सध्या चालू आहे का, हे जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारूनच टाक्यांची मागणी नोंदवावी.